काळ्या मातीत ऑटो लॉकर उशिरा लागते
गाडीच्या लॉकरवरच्या लेखात म्हटलं की मागच्या एक्सलला (चाकांच्या दांड्याला) ऑटोमॅटिक लॉकरच घ्या, म्हणजे एक चाक घसरलं की दोन्ही चाकं आपोआप जोडून सोबत फिरवणारा लॉक, ड्रायव्हरला काही करायचं कामच नाही. भाऊ, मुरमाच्या, दगडाच्या रस्त्यावर हे बरोबर आहे, पण आमच्या यवतमाळकडच्या काळ्या मातीत नाही जमत. या आपोआप लागणाऱ्या मेकॅनिकल लॉकरले लागायला दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडावा लागते, म्हणजे एक चाक आधी फिरलंच पाहिजे, अन् तेवढ्यात ते चाक फिरून फिरून स्वतःच खड्डा करून घेते. पोळ्याच्या आधी पांदणीत माझी गाडी अशीच फसली, लॉकरचा खट्ट आवाज आला तेव्हा मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा चिखलाला टेकला होता, मग ट्रॅक्टर बोलावून काढली.

त्या ट्रॅक्टरचंच बघा ना, टाचेजवळ डिफ लॉकचा, म्हणजे डिफरन्शियलच्या लॉकरचा, पेडल राहते, चिखल दिसला की चाक घसरायच्या आधीच दाबायचा अन् वळायच्या आधी सोडायचा. गाडीतही तसाच, आपल्या हाताने लावायचा लॉकर पाहिजे. अन् टायरच्या खाचा मातीने बुजल्या असतील तर आधी त्या मोकळ्या करा, नाही तर लॉकर लागूनही दोन्ही चाकं सोबतच घसरतात.