देवदाराची मान

मनालीहून येताना लोक शाली आणतात, सफरचंदं आणतात. मी देवदार आणला. वीतभर रोप, दुधाच्या पिशवीत, दिल्लीपासून कोल्हापूरपर्यंत मांडीवर. हिमालयात १५०० ते ३२०० मीटरवर बर्फ झेलत वाढणारं हे झाड आणि कोल्हापूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर. बर्फ इथं फक्त उसाच्या रसात. पण हौस!

राजारामपुरीतल्या आमच्या अंगणात कुंडी ठेवली आणि तिसऱ्याच दिवशी शेजारचे काका कुंपणावरून वाकले. "मास्तर, शेंडा गळालाय की ओ. झाड चाललं तुमचं."

खरंच, शेंडा खाली वाकला होता. दहावीचा निकाल घेऊन आलेल्या पोरासारखा. आई म्हणाली, दृष्ट लागली. तिनं मीठ-मोहरी उतरवली. मी बांबूची काठी रोवून जुन्या परकराच्या नाडीनं मान ताठ बांधली. दुसऱ्या दिवशी शेंडा गाठीच्या वर निघून पुन्हा खाली बघत होता.

मग पुस्तक काढलं. देवदार ही सीडरचीच एक जात. अॅटलास सीडरच्या फांद्या वर चढतात, लेबनॉन सीडरच्या आडव्या पसरतात, देवदाराच्या लवतात. शेंडासुद्धा. म्हणजे आम्ही आठवडाभर धडधाकट झाडाची मान आवळत होतो.

खरा आजार वेगळाच होता. झाड चाललं म्हटल्यावर जो तो पाणी घालू लागला. आईचा पूजेचा तांब्या, बायकोचं तांदळाचं धुवण, काका तर थेट पाईपच सोडायचे. त्यात जून लागला आणि कुंडीत आपली काळी माती, चिखल धरून बसणारी. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा असतो, ४३ ला धोका. कुंडीला तेवढीही सोय नाही. खालच्या सुया पिवळ्या पडल्या तेव्हा रोप उपटलं: मुळं तपकिरी, बोटानं दाबली की सालपट हातात. वास तर विचारू नका.

कुजकी मुळं कापली. मुरूम, वाळू, थोडं शेणखत. भोकावर खापरी, खाली तीन विटा, वर पत्र्याचा आडोसा. पाण्याचा तांब्या मी कपाटात ठेवला. आई दोन दिवस बोलली नाही.

दिवाळीला शेंड्यावर फिकट हिरव्या सुयांचा गोंडा फुटला. तोही खालीच बघत. काका कुंपणावर होतेच.

"मास्तर, ह्योबी वाकडाच निघाला की! नाडी हाय का घरात?"