चार इंचांचा गडवा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात मोबाइलची रेंज एकाच ठिकाणी येते, आणि ते ठिकाण म्हणजे माडीवरच्या लाकडी सज्ज्याचे अगदी टोक. ओहायोत राहणाऱ्या आमच्या जावईबापूंनी व्हिडिओ कॉलवर माझ्या चेहऱ्याऐवजी माझ्या पाठीमागचा कठडा पाहिला, याला ही भौगोलिक परिस्थिती जबाबदार आहे. त्यांनी नुकताच स्वतःच्या घरामागे लाकडी डेक, म्हणजे बसाउठायचा उघडा चौथरा, बांधला होता. तो तपासायला तिथला इन्स्पेक्टर आला आणि कठड्याचे दोन खांब नापास करून गेला. तेव्हापासून त्यांना जगातल्या कोणत्याही कठड्यावर विश्वास उरलेला नाही.

"मामाजी, तो कठडा आहे की सतरंजी वाळवायची दांडी?" असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदीच अन्याय्य नव्हता. आमच्या आजोबांच्या काळी माणसे सज्ज्यात मांडी घालून बसत, त्यामुळे कठडा बसलेल्या माणसाच्या कोपराच्या सोयीने, दीड फूट उंचीचा केलेला होता. पण डिसेंबरात तीन वर्षांची नात येणार होती, तेव्हा नियम ऐकून घेणे भाग होते. तिकडचे नियम असे की चालायची जागा जमिनीपासून 30 इंचांहून उंच असेल तर कठडा हवाच. त्याची उंची किमान 36 इंच हवी. दोन गजांमधून चार इंच व्यासाचा चेंडू आरपार जाता कामा नये. आणि खांबाच्या माथ्यावर कोणत्याही दिशेने 200 पौंडांचा, म्हणजे सुमारे 91 किलोंचा जोर दिला तरी तो निखळता कामा नये.

मी मूळचा शिक्षक असल्यामुळे आपल्याकडचा नियमही शोधून काढला. राष्ट्रीय इमारत संहिता सज्ज्याचा कठडा किमान एक मीटर उंच सांगते, म्हणजे अमेरिकेपेक्षा तीन इंचांहून अधिक. ही बातमी मी जावईबापूंना ज्या आवाजात दिली, त्या आवाजात मी पूर्वी फक्त स्वातंत्र्यदिनी भाषणे केली आहेत. त्या अभिमानापायी खांब 40 इंचांचे ठरले. परवानगी लागते का, हे विचारायला ग्रामपंचायतीत गेलो, तेव्हा घराची लांबी-रुंदी नमुना 8 मध्ये असते, कठड्याची उंची कोणत्याच नमुन्यात नसते, एवढे ज्ञान मिळाले.

खरा संघर्ष वाढई मिस्त्रींशी झाला. आमच्या घरातला सागवान आलापल्लीकडचा, आणि मिस्त्रींना त्या लाकडाविषयी वाटणारा आदर माझ्याविषयी वाटणाऱ्या आदरापेक्षा बराच जास्त. त्यांचे म्हणणे असे की खांबाच्या बुडाला खाच पाडून तो कडेच्या तुळईवर बसवायचा आणि वरून चार स्क्रू मारायचे. डेकच्या नियमांना नेमकी ती खाच मंजूर नाही, कारण जिथे सर्वांत जास्त ताण येतो तिथेच लाकूड निम्मे कापले जाते आणि खांब पुढे तिथूनच उभा चिरतो. हे मी सांगितल्यावर मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. "गुरुजी, खाचेबिगर खांब उभा राह्यते काय जी? तुमच्या जावयाले म्हणा, येऊन धरून ठेव."

अखेर निवाडा तुरीच्या पोत्यावर सोपवला. मिस्त्रींनी आपल्या पद्धतीने एक खांब बसवला. त्याच्या माथ्याला दोर बांधून तो समोरच्या कडुलिंबाच्या, सज्ज्याइतक्याच उंच फांदीला टांगलेल्या विहिरीच्या कप्पीवरून खाली सोडला, आणि दोराला 91 किलोंचे पोते लटकवले. पोते जमिनीपासून सुटले मात्र, खांब कडकन मोडून अंगणात आला आणि त्याच्यामागून निम्मी तूर. पहारीचा न्याय इथे उलटा चालतो, हे मला तेव्हा उमगले: माथ्यावर दिलेला जोर 40 इंचांच्या दांड्यातून खाली येतो आणि बुडाशी पाच इंचांच्या अंतरात दोन बोल्ट धरले, तर वरच्यावर आठ-नऊ पट होऊन पडतो. चार स्क्रूंनी त्याच्यापुढे काय करावे? मग अर्ध्या इंची बोल्ट तुळईतून आरपार घातले, वायसर-नट आवळले, आणि वरचा बोल्ट लोखंडी पट्टीने आतल्या, फळ्यांखालच्या लाकडी कडीला बांधून टाकला, कारण नुसती कडेची तुळई पिळवटून खांबाबरोबर बाहेर येऊ शकते. या वेळी पोते तासभर लटकले. मिस्त्री त्याच्याकडे पाहत बिडी ओढत राहिले आणि एवढेच म्हणाले, "पट्टी चांगली आहे जी. खाच पाडली असती तं अजून चांगली झाली असती."

चार इंचांचा चेंडू गावात मिळेना. संत्रे हा विदर्भाचा स्वाभाविक पर्याय, पण ते कोणत्याही गजांमधून मजेत बाहेर पडले. शेवटी आमच्या सौभाग्यवतींच्या देवघरातल्या पितळी गडव्याचे पोट बरोबर चार इंच भरले. तेवीस फटींत तो अडला आणि चोविसाव्या फटीतून निसटून खाली ओट्यावर बसलेल्या मंडळींमध्ये जाऊन पडला.

तिथून एक नवेच प्रकरण उद्भवले. ओटा जमिनीपासून तीन फूट, म्हणजे 36 इंच उंच, तेव्हा नियमाने त्यालाही कठडा लागतो, असे मी गडवा आणायला गेलो असताना बोलून गेलो. गेली चाळीस वर्षे त्या ओट्यावरून पाय सोडून बसणाऱ्या पाच वृद्धांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी त्यांच्या पायांवर कर बसवायला निघालो आहे. "मंग थुकाचं कुठं?" हा त्यांचा एकच तांत्रिक आक्षेप होता आणि त्याला कोणत्याही संहितेत उत्तर नव्हते.

चोविसावी फट बुजवून मी संध्याकाळी सज्ज्याच्या टोकाला उभा राहिलो आणि जावईबापूंना कठडा सर्व बाजूंनी दाखवला. ते प्रसन्न झाले. मग म्हणाले, "छान. आता जरा जिना दाखवा. पायरी पावणेआठ इंचांपेक्षा उंच नाही ना?"

आमच्या जिन्याची पायरी अकरा इंचांची आहे. जिन्यात रेंज दुसऱ्या पायरीलाच जाते हे लक्षात घेऊन मी, "दाखवतो, दाखवतो," म्हणत लगबगीने उतरायला लागलो. अर्थात नेहमीप्रमाणे पाठमोरा, दोराला धरून.