आधी गाणे की आधी पान?

माझ्या आतेभावाचे गिरगावातले लॉज नेमके कोणत्या साली सुरू झाले हे सांगणारा कागद घरात कोणाकडेही नाही. पण लाकडी जिना, मधला उघडा चौक आणि तळमजल्यावरची खाणावळ पाहिल्यावर ते जुने आहे याबद्दल कोणी वाद घालत नाही. म्हाडाच्या दप्तरी अशी इमारत ‘उपकरप्राप्त’, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, असते आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी जाहीर झाली की दादा आधी ती वाचतो, मग चहा घेतो. त्याच्या मुलीने मात्र याच इमारतीला ‘ऐतिहासिक वास्तू’ ठरवले आणि महिन्यातल्या एका शनिवारी येथे निवडक चाळीस रसिकांसाठी गाणे व जेवण असा घरगुती कार्यक्रम होईल, असे जाहीर करून टाकले. जवळचे रॉयल ऑपेरा हाऊस इतकी वर्षे बंद राहूनही 2016 मध्ये पुन्हा उघडले, मग आपण का मागे राहायचे, असा तिचा सवाल होता. ऑपेरा हाऊसच्या डागडुजीला काय खर्च आला असेल, हा विषय तिने काढला नाही. मी निवृत्त आहे आणि मला गाण्यातले कळते असा घरात समज आहे. त्यामुळे व्यवस्थापक म्हणून माझी नेमणूक माझ्या गैरहजेरीत झाली.

वास्तू ऐतिहासिक म्हटली की इतिहास हवा. गिरगावातल्या बहुतेक जुन्या जागांत लोकमान्य एकदा तरी येऊन गेलेले असतात. पण मुंबईत त्यांचा मुक्काम सरदारगृहात असे आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असल्यामुळे त्यांना आमच्याकडे उतरवून घेण्याची सोय नव्हती. मग ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांची संगीतशाळा होती आणि कुमार गंधर्व तिथे शिकले, हा खरा इतिहास हाताशी आला. “म्हणजे काका, ते आपल्याकडे जेवायला येत असणार,” असे पुतणी म्हणाली. तसे छापायचे नाही अशी अट मी घातली, आणि माझ्या सगळ्या अटींपैकी पाळली गेली ती तेवढीच.

खरा प्रश्न इतिहासाचा नव्हताच. आधी गाणे की आधी पान, हा प्रश्न होता, आणि तो अजून सुटलेला नाही.

प्रथम जेवण आधी ठेवून पाहिले. आमचा आचारी लग्नाच्या पंगतींत वाढलेला माणूस असल्यामुळे त्याला ‘हलके काहीतरी’ हा पदार्थ येत नाही. अळूचे फदफदे, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी असे साग्रसंगीत पान वाढले गेले, आणि वाढप्यांनी आग्रहात कसूर केली नाही. त्यानंतर तीच मंडळी चौकात गाद्यांवर, लोडांना टेकून बसली. गवयांनी यमनचा विलंबित ख्याल सुरू केला आणि विलंबित एकतालाचे एक आवर्तन पुरे व्हायच्या आत तिसऱ्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांची मान लोडावर टेकली. ते घोरू लागले. घोरणे तंबोऱ्याच्या स्वराशी जुळत असते तरी एक वेळ चालले असते. पण ते मधल्या कोणत्यातरी जागी लागलेले होते आणि दर खेपेला समेच्या किंचित आधी येत होते. तबलजींनी माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. गवई मात्र सज्जन होते. श्रोते किती तल्लीन झाले होते, असे ते नंतर म्हणाले. गाण्यापूर्वी भरल्या पोटी श्वास पुरत नाही म्हणून ते स्वतः उपाशी होते, आणि त्यांच्यासाठी काढून ठेवलेली जिलबी मध्यंतरात कोणीतरी खाल्ली होती.

पुढच्या महिन्यात गाणे आधी ठेवले. गायिकेने सूर्यास्ताची वेळ साधून मारवा घेतला. मारवा हा राग मुळातच अस्वस्थ करणारा आहे. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि षड्ज गाणारा शक्य तितका टाळतो, त्यामुळे ऐकणारा सतत षड्जाची वाट पाहत राहतो. आमचे श्रोते मसालेभाताची वाट पाहत होते. चौकाच्या एका अंगाला स्वयंपाकघर आहे आणि बाईंनी ज्या क्षणी कोमल रिषभावर नाजूक विसावा घेतला त्याच क्षणी आचाऱ्याने तुपात लवंग, दालचिनी आणि काजू सोडले. सगळ्या माना एकदम उजवीकडे वळल्या. बाईंनी इतका एकमुखी प्रतिसाद पूर्वी कधी पाहिला नसावा. त्यांनी जागा पुन्हा घेतली.

वासाचे एक सोसता येते, पण वाफेचे तसे नाही. चामडे ओलावा शोषून सैल पडते, हे तबला वाजवणाऱ्याला मुंबईच्या हवेने आधीच शिकवलेले असते. त्यात भाताच्या पातेल्यावरचे झाकण उघडले की वाफ थेट चौकात येते, पुडी, म्हणजे तबल्यावरचे चामडे, ढिली पडते आणि काळी एकच्या सुरात मिळवलेला तबला खालच्या पांढरी एककडे घसरू लागतो. तबलजी हातोडीने कडा ठोकून तो वर आणतात, तोवर दुसरे झाकण उघडते. स्वयंपाकघराचे दार लावून घ्या, असे मी आचाऱ्याला सुचवले. दार लावले तर माणसे आत गुदमरतील, असे उत्तर आले, आणि ते खरे होते. कुकरच्या शिट्ट्यांचा प्रश्न तेवढा डाळ दुपारीच शिजवून मिटवता आला. पापडाला मात्र पर्याय निघाला नाही: पंगत उठायच्या आत पडद्याआड वाद्ये जुळवायला सुरुवात झाली, तेव्हा एकाच वेळी चाळीस पापड मोडण्याचा आवाज किती होतो ते कळले. तंबोरा जुळवणारी मुलगी जवारीचा, म्हणजे तारेखाली सरकवून झंकार साधायचा, दोरा धरून, कान तारेला लावून बसली होती. तिने दोरा सोडला आणि पापड संपेपर्यंत हात जोडून बसून राहिली.

मग सुवर्णमध्य म्हणून जेवण मध्यंतरात आले. येथे कायदा आडवा आला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त सभागृहात चालतो, आणि आमच्या चौकाला, ज्याचे छायाचित्र जाहिरातीत सर्वांत मोठे छापलेले असते, छप्परच नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची आहे. वाढप्याच्या हातून निसटलेले एक पातेले ती एकट्याने ओलांडते. पूर्वीच्या बैठका पहाटेपर्यंत चालत आणि भैरवी खरोखर सकाळी होई. आमच्याकडे पावणेआठला बसलेली पंगत नऊपर्यंत जिलबीचा आग्रह करून घेते, पुढे जायफळ घातलेली कॉफी येते, आणि मग बागेश्री, नाट्यपद व भैरवी हे सारे पाऊण तासात बसवावे लागते. चर्नी रोडहून गाडी पकडणारे लोक त्यातलीही भैरवी चपला शोधत ऐकतात.

या सगळ्यात मनापासून गाणे ऐकणारी माणसे कोणी असतील तर ती चौकाभोवतीच्या वरच्या गॅलऱ्यांतली. तिथे आमच्या खोल्यांत वर्षानुवर्षे राहणारे दोन-तीन वृद्ध भाडेकरू आणि शेजारच्या चाळीतल्या काही काकू कठड्याला टेकून उभ्या असतात, त्यांनी पैसे दिलेले नसतात आणि त्यांना जेवण नसते. दाद येते ती वरूनच. एकदा एका काकूंनी मध्यंतरात खाली वाकून, “अहो, पूरियाला जरा घाईच झाली हो,” असे मला ऐकवले, आणि खाली पैसे भरून बसलेल्यांपैकी एकाने तो राग कोणता होता हे त्यांनाच विचारून घेतले. त्यांना पानावर बसवावे असे माझे मत आहे. दादाचे मत असे की, त्यांना बसवले तर त्याही झोपतील.

आता पुढच्या शनिवारची तयारी आहे. आरक्षणासाठी येणाऱ्या फोनवर निम्मे लोक नुसत्या जेवणाचा दर विचारतात आणि राहिलेले नुसत्या गाण्याचा. दोन्ही एकत्र हवे असलेली व्यक्ती आमच्या पुतणीखेरीज मला अजून भेटलेली नाही. ठरलेल्या गायिकेने तर पहिल्याच बोलण्यात पानात काय काय आहे ते विचारून घेतले आणि अळू असेल तर येणार नाही असे कळवले. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, नीट शिजले नाही तर घसा खवखवतो, आणि नुसत्या शंकेनेही आपला आवाज बसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मी ते आचाऱ्याला सांगितले. त्याने हातातला डाव खाली ठेवला, चिंच घातलेल्या आपल्या अळूने आजवर एकाही वऱ्हाड्याचा घसा धरलेला नाही असे बजावले, आणि अळू पानातून गेले तर आपणही जाऊ असे सांगितले. दोघांनाही आगाऊ रक्कम दिलेली आहे.