‘प्राणी पाहायचेत? थेट वर्षावनात जा’: हा सल्ला का ऐकू नये

सध्या एक संदेश फिरतोय: ‘जगातल्या सर्वाधिक जाती वर्षावनात आहेत, तेव्हा वन्यप्राणी पाहायचे तर ॲमेझॉनच गाठा. कोरड्या हंगामात जा, प्राणी पाण्यावर येतातच. दोन दिवस पुरेत, गाइड नको.’

जातींचं खरं आहे. पण जाती जास्त म्हणून त्या दिसतीलही जास्त, हे कुठून आलं? तिथले बरेच प्राणी ३०-४० मीटर उंच झाडांच्या शेंड्यांत राहतात, तापिरासारखे (छोट्या सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी) बहुधा रात्रीच बाहेर पडतात, आणि दाट झाडीत चार पावलांवरचंही काही दिसत नाही. जॅग्वार, म्हणजे बिबट्यासारखा दिसणारा तिकडचा मोठा शिकारी प्राणी, पाहायचा असेल तर जाणकार ॲमेझॉनऐवजी ब्राझीलमधल्याच पांतानाल या पाणथळ प्रदेशात जातात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये तिथले नदीकाठ उघडे पडतात आणि कॅपिबारा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी), केमन (मगरीसारखा प्राणी) यांच्या मागावर आलेला जॅग्वार होडीतून दिसण्याची शक्यता बरीच असते.

कोरड्या हंगामाचा सल्ला आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातून उचललेला दिसतो. तिथे पाणवठे आटतात, म्हणून उरलेल्या पाण्यावर गर्दी होते. वर्षावनात पावलोपावली पाणी. प्राण्यांनी ठरावीक जागी यावंच कशाला? उलट ॲमेझॉनच्या मामिराउआ अभयारण्यात पुराच्या काळात पाणी सुमारे १० मीटर चढतं. मग होडी बुडालेल्या जंगलात, थेट झाडांच्या फांद्यांमधून जाते, आणि एरवी मान मोडेपर्यंत वर पाहूनही न दिसणारी माकडं, स्लॉथ (झाडांवर राहणारे संथ प्राणी) बरेच जवळ येतात. जमिनीवरच्या प्राण्यांची आशा मात्र तेव्हा सोडायची. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरवी कासवं अंडी घालायला येतात ती जुलै ते ऑक्टोबरमध्ये, तेही पावसात. बोर्निओचा ओरांगउटान तर फळांमागे फिरतो. म्हणून आधी प्राणी ठरवा, मग महिना.

दोन दिवस? पेरूच्या तांबोपाता जंगलात मकाव (मोठे रंगीत पोपट) सकाळी माती खायला मातीच्या कड्यांवर येतात. पाऊस असला की बहुतेकदा येतच नाहीत. एक सकाळ अशी गेली की राहिलं काय?

गाइडचा प्रश्न तर कित्येक ठिकाणी तुमच्या हातातच नाही. कोस्टा रिकाच्या कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात २०१४ पासून गाइडशिवाय प्रवेश नाही. युगांडाच्या बविंडी जंगलात गोरिलांच्या एका कळपापाशी एका वेळी जास्तीत जास्त ८ पर्यटक, तेही तासभर. तिथे जायचं तर परवाना आधी मिळवा, विमानाचं तिकीट नंतर काढा.