नुसत्या कडब्यावरची गाय कमी मिथेन सोडते? हिशोब उलटा आहे

दूध उत्पादकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: हिरवा चारा आणि मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) यांनी पोटात गॅस होतो, मिथेन हा हवामान तापवणारा वायू वाढतो, गाय नुसत्या कडब्यावर ठेवली तर कमी खाते आणि हवाही बिघडत नाही. मंगळवेढा-बार्शीकडे हे चटकन पटतं, कारण मालदांडी ज्वारीचा कडबा हीच इथली मुख्य वैरण. पण हे ऐकलं तर दूध घटेल आणि लिटरमागे मिथेन वाढेल.

हिरव्याने पोट फुगतं, म्हणून मिथेन जास्त, हा पहिला मुद्दा. उपाशी जनावराने दवाने ओला, कोवळा लसूणघास भराभर खाल्ला की कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) फेस होतो, वायू त्यात अडकतो आणि ढेकर निघत नाही. ही वायू अडकण्याची अडचण आहे. निरोगी गाय तोच वायू दिवसभर ढेकरांतून सोडते; मिथेनही मुख्यतः तोंडावाटेच जातो. घास कापून सुकवा, आधी कडब्याची कुट्टी (बारीक तुकडे) टाका, मग घास द्या.

कडब्याने गॅस कमी होतो, हा दुसरा. कोठीपोटात तंतू कुजताना असेटिक आम्ल जास्त बनतं आणि हायड्रोजन सुटतो. तिथलेच काही सूक्ष्मजीव त्या हायड्रोजनपासून मिथेन बनवतात. मक्याच्या मुरघासातल्या पिष्टापासून प्रोपिऑनिक आम्ल जास्त बनतं, त्यात हायड्रोजन खर्ची पडतो. शिवाय निबर वैरण पोटात रेंगाळते. साध्या वैरणीवर चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी ६ ते ७ टक्के अशी मिथेनमधून जाते. म्हणजे दुधाची ताकद हवेत जाते.

कमी खाल्लं की कमी मिथेन, हा तिसरा. दिवसाचा आकडा कमी येतो, हे खरं. पण एक किलो कोरड्या चाऱ्यामागे साधारण २० ग्रॅम मिथेन धरून बघा. कडब्यावरची गाय ८ किलो खाऊन ३ लिटर देत असेल तर १६० ग्रॅम, लिटरमागे ५३. कडबा, मुरघास, घास आणि पेंड मिळून १२ किलो कोरडा भाग खाऊन १० लिटर देणारी गाय २४० ग्रॅम सोडेल, लिटरमागे २४. तेवढंच दूध काढायला पहिल्या प्रकारच्या तीनहून जास्त गाई दावणीला लागतील.

म्हणून कडबा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. त्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के असतात आणि कोठीपोटातल्या जीवाणूंना सुमारे ७ तरी लागतात. उणीव तिथे आहे, आणि ती युरियाने भरून काढता येते. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. प्लास्टिकवर थर देत झारीने शिंपडा, तुडवून हवा काढा आणि २१ दिवस घट्ट झाकून ठेवा. झाकण सैल राहिलं तर अमोनिया उडून जातो आणि कडेला बुरशी धरते. तो भाग फेकाच. युरियाचे खडे राहिले तर विषबाधा होते, आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाशी ठेवणं म्हणजे जीव घेणं. द्यायच्या आधी पसरून वास जाऊ द्या, आठवडाभरात हळूहळू सवय लावा, सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका.

मिथेन घटवायचा म्हणून भरडा (भरडलेलं धान्य) वाढवत नेण्याचा उलटा सल्लाही काही जण देतात. त्याने कोठीपोट आंबतं, रवंथ थांबतं, दुधाची फॅट घटते. माळशिरस-पंढरपूरकडे हिरवं म्हणून नुसते उसाचे वाढे (शेंड्याकडची हिरवी पानं) घातले जातात, तेही चालत नाही: त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढ्यांबरोबर खनिज मिश्रण द्या, आणि जमेल तेवढा घास मिसळा.