मेल्यावरही रांग सुटत नाही

आत्याचा मृत्यूचा दाखला एकदाचा हातात पडला. त्यावर नाव ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. झालं! बँकवाले म्हणतात, ही बाई वेगळी. आता त्या ‘बाई’पायी प्रतिज्ञापत्र करा, झेरॉक्स जोडा, साहेब आले की या. आणि साहेब कायम मीटिंगला!

बरं, नोंद होते ती माणूस जिथे गेला तिथे, राहायचा तिथे नाही. म्हणजे उपचाराला पुण्यात आणलेली आत्या पुण्यातच गेली, तर जालन्यातल्या घरच्यांनी एका अक्षरासाठी एसटी धरायची. 21 दिवसांत कळवायचं असतं, ते दवाखान्याने कळवलंही. पण फॉर्म भरणाऱ्याने नाव ऐकलं तसं खरडलं, त्याला कोण विचारणार?

क्यूआर कोडवाला दाखला नेला तरी विम्याच्या काउंटरवर प्रश्न ठरलेला: “गोल शिक्का कुठाय?” अहो, तो कोड काय शोभेला छापलाय? स्कॅन करा की! तर म्हणे, “आमच्याकडे तशी पद्धत नाही.”

तिकडे तलाठ्यालाही वारस नोंदीसाठी हाच दाखला हवाय. दुरुस्त केलेला. तो कधी मिळणार, तर “सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी बघा.”