तज्ज्ञांच्या यादीत परिचारिका का नाही?

तज्ज्ञांची नावं सुचवणारा तुमचा लेख आवडला. पण दहशतवाद आणि आपत्ती या विषयांतले तज्ज्ञ म्हणून जी नावं दिलीत, ती सगळी निवृत्त लष्करी अधिकारी, आयपीएस किंवा गुप्तचर खात्यातली. हे नेहमीचंच झालं. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या समितीतही दोघेच होते: माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि 'रॉ' या गुप्तचर संस्थेत काम केलेले माजी आयपीएस व्ही. बालचंद्रन. दोघांच्या अनुभवाबद्दल शंकाच नाही, पोलिसांच्या कारभाराची चौकशी करायला अशीच माणसं हवीत.

पण त्या रात्री कामा रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे आठवा. वॉर्डाची दारं लावून त्यांनी २० गर्भवतींना टोकाच्या छोट्याशा पँट्रीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीला धरून धरून लेबर रूमपर्यंत नेलं. बाहेर गोळीबार चालूच! सीएसएमटीवर उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून प्रवाशांना कुठून बाहेर पडा ते सांगत राहिले. हे आपत्ती व्यवस्थापन नाही तर काय?

कुलथेताईंना डिसेंबर २०२२ मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ऐकलं. आपल्या चॅनेलांवर मात्र संध्याकाळी तेच चार मिशीवाले साहेब. (मिशीला विरोध नाही, आमच्या वडिलांनाही होती.)

पुढच्या भागात अग्निशमन दलातल्या, रुग्णालयातल्या, रेल्वेतल्या कुणाशी तरी बोला. वाट बघतो.